मूल–गडचिरोलीचं नेटवर्क एका लॅपटॉपात

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलमध्ये राहून नेटवर्किंग शिकणाऱ्या मुलामुलींची पहिली अडचण ठरलेली असते. पुस्तकात राउटर आहे, स्विच आहे, पॅकेट आहे. हात लावायला मात्र काहीच नाही. लॅबमध्ये एखादा स्विच असला तरी त्याच्यावरच सगळ्या कॉम्प्युटरांचं नेट चालू असतं. त्याची तार काढून, सेटिंग बिघडवून, पुन्हा जोडून पाहायला कोण देणार? आणि बिघडवून पाहिल्याशिवाय नेटवर्क समजत नाही.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. लिनक्स असलेला एक साधा लॅपटॉप आणि त्यात नेटवर्क सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर एवढं असलं, की चार काय, चाळीस स्विच उभे करता येतात. तार तोडता येते, वेग कमी करता येतो, पॅकेट हरवता येतं, आणि एका कमांडने सगळं पूर्ववत होतं. मूल, सावली, सिंदेवाही, पोंभुर्णा, गडचिरोली या भागात बी.एस्सी., बीसीए, डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

दोन गोष्टी सुरुवातीलाच सांगतो. पहिली, इन्स्टॉलेशन हाच पहिला प्रयोग समजा. प्रत्येक कमांडनंतर कॉम्प्युटर काय म्हणाला ते वाचा, ते समजलं की मगच पुढची कमांड द्या. दुसरी, पुस्तकातली ‘नोड ए’ आणि ‘नोड बी’ सोडा आणि आपल्या ओळखीच्या गावांचं नेटवर्क उभं करा. आपल्या भागात नेट का जातं, हा प्रश्न मग परीक्षेपुरता राहत नाही.

लेखातल्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या, वेगळं सांगितलं नसेल तर, इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या. रेघ, स्वल्पविराम, बरोबरचं चिन्ह जिथे दाखवलं आहे तिथेच द्यायचं आणि मध्ये नसलेली जागा सोडायची नाही.

कोणतं सॉफ्टवेअर कशासाठी

एकाच वेळी पाच सॉफ्टवेअर बसवायला जाऊ नका. काम पाहून निवडा.

मिनिनेट हे खऱ्या लिनक्सच्या आतच छोटी छोटी नेटवर्कं तयार करतं. त्यात धावणारी पॅकेट खरी असतात, पिंग खरा असतो, घड्याळही खरंच चालतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ते तयार झालं आणि २०१० साली त्यावरचा शोधनिबंध आला. जुन्या लॅपटॉपवरही ते सहज चालतं, म्हणून सुरुवात इथूनच करावी.

एनएस-थ्री हा खऱ्या अर्थाने सिम्युलेटर. त्यातली पॅकेट, वेळ, रेडिओलहरी सगळं गणिताने चालतं. वायफाय, मोबाइल नेटवर्क, शेकडो नोड आणि संशोधनाचे आलेख असलं काही करायचं असेल तर हेच घ्यावं. पहिली आवृत्ती २००८ मध्ये आली आणि आजही त्याच्या नव्या आवृत्त्या येत असतात.

सिस्को कंपनीचं पॅकेट ट्रेसर हे चित्रातून शिकण्यासाठी आहे. सिस्कोच्या सीसीएनए परीक्षेची तयारी करणाऱ्याला ते सोयीचं पडतं. जीएनएस-थ्रीमध्ये राउटरची खरी सिस्टीम आपल्या कॉम्प्युटरवर चालवता येते, पण त्याला चांगली मेमरी लागते, आणि कंपनीचा राउटर चालवायचा तर परवाना असलेली इमेजही.

एनएस-टू जुनं झालं. त्याची २.३५ ही आवृत्ती २०११ची आहे. प्रॅक्टिकलच्या यादीत ते असेल तरच बसवा. नवा प्रकल्प त्यावर सुरू करू नका.

आधी कॉम्प्युटर तपासा

उबुंटूची दीर्घकाळ आधार असलेली, म्हणजे एलटीएस आवृत्ती घ्यावी. लिनक्स मिंट किंवा डेबियन असेल तरी इथल्या बहुतेक कमांड चालतात. टर्मिनल उघडून या चार कमांड द्या आणि उत्तरं वहीत लिहा:

एलएसबी_रिलीज -ए
युनेम -एम
फ्री -एच
डीएफ -एच

पहिलीने लिनक्सचं नाव आणि आवृत्ती कळते. दुसरीचं उत्तर ‘एक्स८६_६४’ आलं तर सिस्टीम ६४ बिटची आहे. तिसरीने मेमरी कळते आणि चौथीने डिस्कवरची मोकळी जागा. मिनिनेटला दोन-चार जीबी मेमरी पुरते. एनएस-थ्री बांधायला, म्हणजे मूळ कोडपासून तयार करायला, चार जीबी मेमरी आणि डिस्कवर दहा-एक जीबी मोकळी जागा ठेवलेली बरी.

लॅपटॉपमध्ये विंडोज असेल आणि घरच्यांना ते हवंच असेल, तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्स चालवता येतं. मिनिनेटवाल्यांनी अशी तयार व्हर्च्युअल मशीनची फाइलही दिलेली आहे. ती आयात केली की इन्स्टॉलेशनची गरजच उरत नाही. तिचं लॉगिन आणि पासवर्ड दोन्ही ‘मिनिनेट’ आहे.

नेट तुटक असेल तर

या भागात एका बैठकीत मोठी फाइल उतरेलच असं धरून चालू नका. लिनक्समध्ये याची सोय आहे.

‘ॲप्ट’ या उबुंटूत सॉफ्टवेअर बसवणाऱ्या कमांडने पॅकेज उतरवताना नेट गेलं, तर तीच कमांड पुन्हा द्या. उतरलेला भाग राहतो आणि काम पुढे सुरू होतं. मोठी फाइल ब्राउझरमधून उतरवण्यापेक्षा ‘डब्ल्यूगेट -सी’ आणि पुढे फाइलचा पत्ता असं द्या. त्यातला ‘-सी’ म्हणजे जिथे थांबलं तिथून पुढे. फाइल पूर्ण आली की ‘एसएचए२५६सम’ ही कमांड त्या फाइलवर चालवा. मूळ ठिकाणी तिचं उत्तर दिलेलं असेल, तर ते जुळतं का पाहा. अर्धवट फाइल बांधायला घेतली तर तासाभराने विचित्र चूक दिसते आणि कारण कळत नाही.

पाच मित्रांना एकच सॉफ्टवेअर हवं असेल तर पाच वेळा डेटा जाळू नका. ज्याच्याकडे चांगलं नेट आहे त्याने हे द्यावं:

सुडो ॲप्ट-गेट इन्स्टॉल --डाउनलोड-ओन्ली मिनिनेट

मिनिनेट आणि त्याला लागणारी सगळी पॅकेज ‘व्हार’ फोल्डरातल्या ‘कॅश’, त्यातल्या ‘ॲप्ट’ आणि त्यातल्या ‘आर्काइव्ह्ज’ फोल्डरात येऊन पडतात. ती पेनड्राइव्हवर घ्या. इथे ‘ॲप्ट’ऐवजी ‘ॲप्ट-गेट’ मुद्दाम वापरलं आहे, कारण साधं ‘ॲप्ट’ इन्स्टॉलेशन झाल्यावर उतरलेल्या फाइल पुसून टाकतं. दुसऱ्या लॅपटॉपवर त्या फोल्डरात जाऊन ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल ./*.डेब’ दिलं की काम होतं. अट एकच, दोन्ही लॅपटॉपवर उबुंटूची आवृत्ती तीच हवी. उतरवणाऱ्याच्या लॅपटॉपवर जे पॅकेज आधीपासून आहे ते उतरत नाही, म्हणून नव्याने उबुंटू टाकलेल्या मशीनवर हे केलेलं उत्तम.

मिनिनेट बसवू या

आता दोन कमांड:

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल मिनिनेट

पहिलीने पॅकेजांची यादी ताजी होते, दुसरीने सॉफ्टवेअर बसतं. ‘सुडो’ म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणं, म्हणून पासवर्ड विचारला जातो. तो टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही, न घाबरता पूर्ण टाइप करून एंटर द्यायचा. ‘पॅकेज सापडत नाही’ असं उत्तर आलं तर पहिली कमांड राहिली असेल किंवा उबुंटूचं ‘युनिव्हर्स’ हे भांडार बंद असेल. ते सुरू करायला:

सुडो ॲड-ॲप्ट-रिपॉझिटरी युनिव्हर्स

आणि पुन्हा अपडेट. बसलं की लगेच परीक्षा घ्या:

सुडो एमएन --टेस्ट पिंगऑल

मिनिनेट दोन होस्ट, म्हणजे दोन कॉम्प्युटर, आणि एक स्विच उभा करतं, दोघांना एकमेकांना पिंग करायला लावतं आणि सगळं आवरून घेतं. शेवटी शून्य टक्के पॅकेट हरवली, दोनपैकी दोन पोचली, असं दिसलं म्हणजे बसवणं पूर्ण झालं. मध्ये ‘कंट्रोलर सापडला नाही, ओव्हीएस ब्रिज वापरतो’ अशा अर्थाची ओळ येऊ शकते. ती सूचना आहे. शेवटचा आकडा बरोबर असेल तर पुढे चला.

चार गावांची साखळी

चंद्रपूरहून गडचिरोलीला जाताना वाटेत मूल लागतं, मग सावली, मग वैनगंगा ओलांडून गडचिरोली. हीच चार गावं घेऊ. वहीत लिहा: एस-वन म्हणजे चंद्रपूर, एस-टू मूल, एस-थ्री सावली, एस-फोर गडचिरोली. प्रत्येक गावाच्या स्विचला एक कॉम्प्युटर जोडलेला, एच-वन ते एच-फोर. हा रस्त्याचा नकाशा आहे. खरी फायबर कुठून गेली आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. सरावाला एवढं पुरे.

सुडो एमएन --टोपो=लिनिअर,४ --लिंक=टीसी,बीडब्ल्यू=१०,डिले=२०एमएस

‘लिनिअर,४’ म्हणजे एका रांगेत चार स्विच. ‘बीडब्ल्यू’ म्हणजे बँडविड्थ, इथे सेकंदाला १० मेगाबिट. ‘डिले’ म्हणजे प्रत्येक तारेवर लागणारा वेळ, २० मिलिसेकंद. एंटर दिलं की ‘मिनिनेट’ असा नवा प्रॉम्प्ट येतो. तिथे ‘नेट’ टाइप केलं की कोण कोणाला जोडलं आहे ते दिसतं. आता चंद्रपूरहून गडचिरोलीला पिंग करा:

एच१ पिंग -सी ५ एच४

उत्तर येण्याआधी वहीत गणित करा. एच-वन ते एस-वन ही एक तार, स्विचांमधल्या तीन, एस-फोर ते एच-फोर एक, अशा पाच तारा. जायला पाच गुणिले वीस म्हणजे १००, यायला १००, एकूण २०० मिलिसेकंद. पडद्यावरही २०० च्या किंचित वरचा आकडा येतो. पहिल्याच पॅकेटला मात्र जवळपास दुप्पट वेळ लागलेला दिसेल, कारण आधी ‘या पत्त्याचं कार्ड कोणाचं’ हे विचारणारी एआरपीची फेरी होते. आता एच-वनवरून एच-टूला, म्हणजे चंद्रपूरहून मूलला पिंग करा. तारा तीन, उत्तर १२० च्या आसपास. स्वतः केलेला हिशेब आणि कॉम्प्युटरने दिलेलं उत्तर जुळलं, की विषय आपला झाला.

‘आयपर्फ एच१ एच४’ दिलं की किती वेगाने डेटा जातो ते कळतं. एकदा डिले ठेवून आणि एकदा काढून हे करा, दोन्ही आकडे लिहा, आणि फरकाचं कारण टीसीपीच्या पोचपावतीत शोधा.

तार तोडा

याच्यासाठीच तर हे सगळं केलं. मूल आणि सावलीमधली तार तोडा:

लिंक एस२ एस३ डाउन
पिंगऑल

बारा पिंगांपैकी चारच पोचतात, ६६ टक्के हरवतात. चंद्रपूर आणि मूल एकमेकांशी बोलतात, सावली आणि गडचिरोली एकमेकांशी बोलतात. या दोन जोड्यांमध्ये मात्र काहीच जात नाही. गडचिरोलीचा स्विच ठणठणीत आहे, सावलीचा ठणठणीत आहे, एकही यंत्र बंद पडलेलं नाही, तरी अर्धं नेटवर्क तुटलं. धानाच्या बांधीतून खालच्या बांधीत पाणी जातं तसा हा प्रकार आहे. वरची वाट बुजली की खालच्या सगळ्या बांध्या कोरड्या. ‘लिंक एस२ एस३ अप’ दिलं की पुन्हा बारापैकी बारा.

हा प्रयोग नुसता पुस्तकी नाही. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. २०१५ पासून ती भारतनेट नावाने ओळखली जाते. तिच्यात बऱ्याच ठिकाणी गावं अशी एकाच रांगेत जोडली गेली. रस्ता खोदताना फायबर तुटली की पुढची गावं बंद. म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेट कार्यक्रमाला मंजुरी दिली, तेव्हा त्यात जुनं रांगेतलं जाळं रिंगमध्ये बदलण्याचं काम ठेवलं. रांग आणि रिंग यांतला फरक तुमच्या लॅपटॉपवर पाच मिनिटांत दिसतो.

रिंग करा, पण जपून

मूलहून गडचिरोलीला दुसऱ्या बाजूनेही जाता येतं: मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोली. सावलीचा सरळ रस्ता धरला की सात गावांचं वर्तुळ पूर्ण होतं. मिनिनेटच्या तयार आकारांत असं वर्तुळ नाही, म्हणून पायथॉनची छोटी फाइल लिहावी लागते. घाबरायचं कारण नाही. मिनिनेटच्या मूळ सामग्रीत ‘कस्टम’ फोल्डरात दोन स्विच आणि दोन होस्टची नमुना फाइल आहे. तिची नक्कल करा. तिच्यात तीनच कामं आहेत: होस्ट जोडणं, स्विच जोडणं, तार जोडणं. सात होस्ट, सात स्विच, स्विचांमध्ये सात तारा आणि प्रत्येक होस्टची आपापल्या स्विचला एक तार. शेवटच्या ओळीत या जाळ्याला ‘रिंग’ असं नाव द्या आणि फाइल ‘रिंग.पीवाय’ नावाने ठेवा.

नावं देताना एक ध्यानात ठेवा. होस्टला गावाचं नाव चालतं, पण स्विचचं नाव ‘एस१’, ‘एस२’ असंच ठेवा. मिनिनेट त्या अंकावरून स्विचची ओळख ठरवतं आणि अंक नसेल तर थांबतं. होस्टचं नावही आखूड ठेवा. लिनक्समध्ये नेटवर्क कार्डाचं नाव १५ अक्षरांपलीकडे जात नाही आणि मिनिनेट होस्टच्या नावापुढे आणखी अक्षरं जोडतं.

आता ही फाइल तशीच, म्हणजे खालच्या कमांडमधला ‘--स्विच’पासूनचा भाग सोडून, चालवून पाहा. पिंग अडकतील, लॅपटॉपचा पंखा जोरात फिरायला लागेल. कारण सगळ्यांसाठी पाठवलेलं एआरपीचं पॅकेट वर्तुळात फिरतच राहतं, प्रत्येक स्विच त्याच्या नकला पुढे ढकलतो आणि जाळं त्यातच बुडतं. याला ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात. ‘एक्झिट’ देऊन बाहेर या आणि स्पॅनिंग ट्री, म्हणजे एसटीपी चालू करून पुन्हा सुरू करा:

सुडो एमएन --कस्टम रिंग.पीवाय --टोपो रिंग --स्विच ओव्हीएसबीआर,एसटीपी=१

सुरू झाल्यावर अर्धा-एक मिनिट थांबा. स्विच आपसात ठरवून वर्तुळातली एक तार राखीव ठेवतात. मग ‘पिंगऑल’ दिलं की बेचाळीसपैकी बेचाळीस. आता मूल–सावली तार तोडा. पिंग थोडा वेळ थांबतो, स्विच राखीव तार उघडतात, आणि पॅकेट सिंदेवाही, ब्रह्मपुरीवरून गडचिरोलीला पोचतात. किती सेकंद थांबलं ते मोजा. रिंग असूनही नेट काही काळ का जातं, आणि तो काळ कमी करायला पुढे कोणत्या नव्या पद्धती आल्या, हा तुमच्या प्रकल्पाचा उत्तम विषय होऊ शकतो.

वायरलेससाठी एनएस-थ्री

चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांत जंगल आहे, विखुरलेली गावं आहेत, प्रत्येक ठिकाणी फायबर जाणं अवघड आहे. मुंबई आयआयटीच्या ग्राममार्ग प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातल्या गावांमध्ये टीव्हीच्या न वापरलेल्या लहरींवरून इंटरनेट नेण्याचे प्रयोग केले आणि २०१७ मध्ये त्याला मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत पहिलं पारितोषिक मिळालं. अशा कल्पना टॉवर उभा करण्याआधी तपासायच्या तर एनएस-थ्री लागतं.

आधी लागणारी साधनं बसवा:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल जी++ सीमेक निन्जा-बिल्ड पायथॉन३ गिट

मग एनएस-थ्रीची ‘ऑलइनवन’ फाइल उतरवून तुमच्या होम फोल्डरात उघडा. फोल्डरच्या वाटेत कुठेही मोकळी जागा असलेलं किंवा मराठीतलं नाव नको. एनएस-थ्रीच्या फोल्डरात जाऊन:

./एनएस३ कॉन्फिगर --एनेबल-एक्झाम्पल्स --एनेबल-टेस्ट्स
./एनएस३ बिल्ड

इथे ‘सुडो’ लावायचं नाही. २०२२ पासून एनएस-थ्री जुन्या ‘वॅफ’ऐवजी सीमेक वापरतं, म्हणून जुन्या पुस्तकातल्या वॅफच्या कमांड नव्या आवृत्तीवर चालत नाहीत. तुमचं उबुंटू जुनं असेल तर एनएस-थ्रीचीही त्या काळातली आवृत्ती घ्या आणि त्याच आवृत्तीची सूचनापुस्तिका वाचा.

बांधायला वेळ लागतो, चार्जर लावूनच बसा. मेमरी कमी असेल तर मध्येच ‘किल्ड’ शब्द असलेली चूक येते. याचा अर्थ कोड चुकला असा नाही. मेमरी संपली म्हणून लिनक्सने कंपायलर थांबवला. ब्राउझर बंद करा आणि बिल्डला ‘जे’ हा पर्याय देऊन एका वेळी एकच फाइल बांधायला सांगा. हळू होईल, पण होईल. झालेलं काम वाया जात नाही.

झाल्यावर ‘./एनएस३ रन हेलो-सिम्युलेटर’ द्या. ‘हेलो सिम्युलेटर’ असं उत्तर आलं पाहिजे. मग ‘./एनएस३ रन फर्स्ट’. यात दोन कॉम्प्युटर एका तारेने जोडलेले आहेत. वेग सेकंदाला ५ मेगाबिट आणि डिले २ मिलिसेकंद. पहिला दुसऱ्या सेकंदाला १०२४ बाइट पाठवतो आणि दुसऱ्याला ते २.००३६९ सेकंदाला मिळतात. हा आकडा कुठून आला ते कागदावर काढा. १०२४ बाइटला यूडीपीचे ८, आयपीचे २० आणि तारेवरच्या प्रोटोकॉलचे २ बाइट जोडा, झाले १०५४ बाइट, म्हणजे ८४३२ बिट. त्याला पन्नास लाखांनी भागलं की १.६८६४ मिलिसेकंद. त्यात डिलेचे २ मिळवा, ३.६८६४. बरोबर तेवढाच. सिम्युलेटरमध्ये जादू काही नाही, सगळा हिशेब आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत एवढं सांगता आलं तर समोरच्याला तुमचा अभ्यास दिसतो.

जंगलातल्या वायरलेसचं सिम्युलेशन करताना सांभाळून. लहर झाडीत किती कमी होते हे तुम्ही निवडलेल्या सूत्रावर ठरतं. तयार सूत्र लावून आलेला आलेख ‘गडचिरोलीच्या जंगलातला निष्कर्ष’ म्हणून छापू नका. कोणतं सूत्र घेतलं, कोणते आकडे धरले, हे स्पष्ट लिहा.

बाकीच्या तिघांबद्दल थोडक्यात

पॅकेट ट्रेसर सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत मोफत खातं उघडून मिळतं. डेब फाइल उतरली की त्या फोल्डरात ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ आणि पुढे ‘./’ लावून फाइलचं नाव द्या. परवान्याचा मजकूर आला की टॅब दाबून ‘येस’ वर जायचं. फाइल कुठल्याही अनोळखी ठिकाणाहून घेऊ नका.

जीएनएस-थ्रीसाठी आधी त्यांचं भांडार जोडा:

सुडो ॲड-ॲप्ट-रिपॉझिटरी पीपीए:जीएनएस३/पीपीए
सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल जीएनएस३-जीयूआय जीएनएस३-सर्व्हर

बसताना साध्या वापरकर्त्याला यूब्रिज आणि वायरशार्क ही सोबतची साधनं वापरू द्यायची का, असं विचारलं जातं. दोन्हीला ‘येस’. मग स्वतःला त्या ग्रुपांत घाला:

सुडो यूजरमॉड -एजी यूब्रिज,वायरशार्क $यूजर

यातलं ‘एजी’ म्हणजे छोटा ‘ए’ आणि मोठा ‘जी’. ‘यूजर’ही मोठ्या अक्षरांत. छोटा ‘ए’ विसरला तर तुम्ही बाकीच्या ग्रुपांतून बाहेर पडता आणि सुडोचा अधिकारही जातो. नंतर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा, त्याशिवाय बदल लागू होत नाही. राउटरच्या चोरीच्या इमेज वापरू नका. शिकायला जीएनएस-थ्रीसोबत येणारे व्हीपीसीएस हे आभासी कॉम्प्युटर आणि मुक्त राउटर पुरेसे आहेत.

एनएस-टू हवंच असेल तर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल एनएस२ नॅम’ हा सोपा मार्ग. मूळ कोड घेऊन बांधायला गेलात तर नव्या कंपायलरवर ‘लिंकस्टेट’ फोल्डरातल्या ‘एलएस.एच’ फाइलमध्ये तो अडतो. तिथल्या ‘इरेज’ शब्दाआधी ‘धिस’ आणि बाण जोडला की ती चूक जाते.

अडलं तर

चूक दाखवणारा संदेश आला की शेवटची ओळ बघून घाबरू नका. वर जाऊन पहिली चूक शोधा, खालच्या बऱ्याचशा तिच्यामुळेच आलेल्या असतात.

‘लॉक मिळाला नाही’ असं आलं तर मागे उबुंटूचं आपोआप अपडेट चालू आहे. पाच-दहा मिनिटं थांबा. लॉकची फाइल पुसू नका.

मध्येच वीज गेली आणि इन्स्टॉलेशन अर्धवट राहिलं तर:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

मिनिनेट मध्येच बंद पडलं आणि पुन्हा सुरू करताना ‘आधीच अस्तित्वात आहे’ म्हणालं तर ‘सुडो एमएन -सी’ दिल्यावर जुने अवशेष साफ होतात.

लिनक्सच नवं असेल तर मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीत आहेत. टर्मिनल, फाइल, परवानग्या एवढे धडे आधी पाहिले तरी या लेखातल्या निम्म्या अडचणी येणारच नाहीत.

वही, आणि आपल्या गावाचे आकडे

प्रत्येक प्रयोगाची चार गोष्टींची नोंद ठेवा: लिनक्स आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती, दिलेली पूर्ण कमांड, अपेक्षित आकडा आणि आलेला आकडा. अपेक्षित आकडा कमांड देण्याआधीच लिहायचा. नंतर लिहिला तर त्यातून काही शिकायला मिळत नाही.

पुढची पायरी मात्र लॅपटॉपबाहेरची आहे. वर आपण प्रत्येक तारेला २० मिलिसेकंद धरले, ते सोयीसाठी. आता खरे आकडे गोळा करा. मूलमधून, सावलीतून, तुमच्या गावातून सकाळी, दुपारी, रात्री एकाच ठिकाणी शंभर पिंग पाठवा आणि सरासरी वेळ, सर्वांत जास्त वेळ आणि हरवलेली पॅकेट लिहून ठेवा. आठवडाभर हे करा, पावसाचा दिवस असेल तर तेही लिहा. मग पिंगचा वेळ जाण्या-येण्याचा मिळून असतो हे धरून हिशेब करा, ते आकडे मिनिनेटमध्ये ‘डिले’ आणि ‘लॉस’ (हरवणाऱ्या पॅकेटची टक्केवारी) यांच्या जागी घाला आणि प्रयोग पुन्हा करा. ग्रामपंचायतीचं ऑनलाइन काम, आरोग्य केंद्राचा व्हिडिओ कॉल, परीक्षेचा अर्ज यांतलं काय त्या जाळ्यावर चालेल आणि काय अडेल, हे तुम्ही आकड्यांनिशी सांगू शकाल.

नागपूर-पुण्याच्या मोठ्या लॅबमध्ये महागडे राउटर असतील. मूल–सावलीच्या नेटचे मोजलेले आकडे तिथे नाहीत, ते इथे राहणाऱ्यालाच मिळतात. म्हणून प्रकल्प कुठूनतरी उतरवून जोडू नका. आज मिनिनेट बसवा, उद्यापासून पिंग मोजायला लागा. आणि आकडे हातात आले की ग्रामसभेत किंवा कॉलेजात एक प्रश्न जरूर विचारा: आपल्या गावाची तार तुटली तर दुसरी वाट कोणती?